पंख्याच्या दोरीपासून काट्याच्या पावतीपर्यंत : पंजाबचे सर छोटूराम



गळीत सुरू झाले की आपल्या गव्हाणीपेक्षा काट्यावर गर्दी जास्त. गाडीचे वजन झाले, पावती हातात पडली, की ती दोनदा वाचल्याशिवाय कोणी जागचा हलत नाही. हलूही नये! या पावतीसाठी दुसऱ्या एका मुलखात एका शेतकऱ्याच्या पोराने जन्मभर झगडा केला. त्याची हकिगत आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही, म्हणून या अंकात ती देण्याचे आम्ही योजले.

पंजाबातील रोहतक जिल्ह्यात (आता हरियाणात) सांपला नावाचे गाव आहे. त्याला लागून असलेल्या गढी सांपला येथे २४ नोव्हेंबर १८८१ रोजी एका जाट शेतकऱ्याच्या घरी हा मुलगा जन्मला. नाव ठेवले रामरिछपाल, पण घरात सर्वांत धाकटा म्हणून सगळे छोटूच म्हणत, आणि तेच नाव पुढे कायदेमंडळापर्यंत गेले. कोरडवाहू जमीन थोडी आणि डोक्यावर कर्ज. मुलाच्या पुढच्या शिक्षणाला पैसे हवेत म्हणून बाप त्याला घेऊन सावकाराकडे गेला. सांगतात ते असे, की सावकाराने कर्जाचे बोलण्याआधी पंख्याची दोरी म्हाताऱ्याच्या पुढे टाकली आणि म्हणाला, ओढ. सावकाराचा स्वतःचा पोरगा शेजारी रिकामा बसलेला. छोटू तिथेच भडकला. गोष्ट तोंडोतोंडी आली आहे, तिला मीठमसाला लागला असेल. पण सावकाराच्या ओट्यावर ताटकळलेला बाप ज्याने पाहिला आहे, त्याला ती खोटी वाटणार नाही.

शिक्षण कसेबसे पुरे झाले. कलकत्त्याचे व्यापारी सेठ छाजूराम यांनी हात दिला. (म्हणजे व्यापारी तेवढा वाईट, असे नव्हे. हे छोटूरामांच्या भाषणांवरून विसरायला होते.) १९०५ साली दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजातून ते पदवीधर झाले, १९११ साली आग्ऱ्याहून वकील झाले आणि मग रोहतकला सनद चालवू लागले. १९१३ साली तिथे शाळा निघाली, १९१६ साली ‘जाट गॅझेट’ हे उर्दू पत्र निघाले, त्या दोन्हींमागे त्यांचाच हात. जिल्हा काँग्रेसचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते. पण १९२० साली असहकाराचा पुकारा झाला आणि ते बाहेर पडले. त्यांचे म्हणणे असे, की सारा थकवला तर जमीन जाईल ती शेतकऱ्याची. पहिल्या महायुद्धात सरकारी सैन्यभरतीला त्यांनी मदत केली होती आणि पुढे सरकारने त्यांना ‘सर’ही केले. तेव्हा स्वातंत्र्यलढ्याच्या बाजूने पाहणाऱ्यांनी त्यांना बोल लावला, यात नवल नाही. आम्हालाही ते सगळे पटते असे नाही.

१९२३ साली सर फजले हुसेन यांच्याबरोबर त्यांनी युनियनिस्ट पक्ष उभा केला. त्यात मुसलमान, हिंदू, शीख सगळे शेतकरी एका छत्राखाली आले. तिकडे या पक्षाला जमीनदारांचा पक्ष म्हणत. आपल्याकडे जमीनदार म्हटले की बंगला आणि बग्गी डोळ्यांपुढे येते. पंजाबात मात्र दोन एकरांचा धनीही जमीनदारच. छोटूराम ‘बेचारा जमीनदार’ म्हणून लेख लिहीत, त्यातला बेचारा हाच.

१९२४ ते १९२६ ते शेतीमंत्री होते आणि १९३७ साली सर सिकंदर हयातखान यांच्या मंत्रिमंडळात विकासमंत्री झाले, पुढे महसूलमंत्री. पण खुर्चीपेक्षा त्यांच्या कायद्यांकडे पाहावे. आपल्या विषयाचा गाभा तिथेच आहे.

पहिला घाव खतावणीवर. सावकाराची वही सावकारालाच वाचता येते, कुळाने फक्त अंगठा द्यायचा. १९३० च्या हिशेबाच्या कायद्याने प्रत्येक कुळाचे खाते वेगळे ठेवणे आणि दर सहा महिन्यांनी त्याला उतारा पाठवणे सावकाराला भाग पडले. मग १९३४ साली कर्जनिवारणाचा कायदा आला. व्याजाला मर्यादा पडली, तडजोड मंडळे आली, आणि मुद्दलाच्या दुप्पट रक्कम वसूल झाली की कर्ज फिटले असे ठरले. ही दामदुपटीची गोष्ट आपल्या लोकांना नवी नाही. मुंबई इलाख्यात हिंदू कायद्याप्रमाणे हा नियम पूर्वीपासून चालत होता. आणि सावकाराच्या वह्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी १८७५ साली जाळल्या, त्यावरून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला, हेही जुन्या मंडळींना माहीत आहे. आपल्याकडे वह्या जाळल्या, छोटूरामांनी त्या तपासायला लावल्या!

१९३८ साली सावकारांना नोंदणी आणि परवाना आला. त्याच वर्षी गहाण जमिनी परत देण्याचा कायदा झाला. ८ जून १९०१ च्या आधी कब्जेगहाण पडलेली जमीन, धनकोने मुद्दलाच्या दुप्पट उत्पन्न खाल्ले असेल तर फुकट परत, कमी खाल्ले असेल तर थोडी भरपाई देऊन. आजोबाने गहाण टाकलेले वावर नातवाच्या नावावर परत चढते, म्हणजे काय होते ते ज्याचे वावर गेले आहे त्यालाच विचारा.

आणि १९३९ साली बाजार समित्यांचा कायदा. मंडईत धान्य नेले की आडत, तोलाई, हमाली, धर्मादाय, कडता, एकेक कात्री लागत जाई, आणि भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरे. मालकाला आपल्या मालाचा भाव शेवटी कळे. आता व्यापारी आणि तोलणारे परवान्याखाली आले, आणि समितीवर दोन तृतीयांश शेतकरी. आपल्या मुंबई इलाख्याचा बाजार समिती कायदाही त्याच सालचा, आणि वऱ्हाडात तर कापसाच्या बाजाराचा कायदा १८९७ सालीच झाला होता. पण पंजाबातला गदारोळ वेगळाच. व्यापाऱ्यांनी हरताळ पाडले, या कायद्यांना ‘काळे कायदे’ म्हटले. शेतकरी त्यांनाच ‘सोनेरी कायदे’ म्हणत.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही नुसती आरती ओवाळली असे होईल. पंजाबात १९०० सालच्या जमीन कायद्याने ‘शेतकरी जाती’ कोणत्या ते ठरवून टाकले होते आणि छोटूराम त्याचे कट्टर पाठीराखे. त्यामुळे दलित, सुतार, लोहार, मजूर यांना शेतात राबूनही जमीन विकत घेण्याची वाट बंद. पक्षात मोठे बडे जमीनदारही होतेच, त्यामुळे कुळाचे आणि मजुराचे काम मागे पडले. सावकाराच्या ओट्यावरून बापाला उठवणारा माणूस शेतमजुराच्या बापापर्यंत पोचला नाही.

शेवटच्या वर्षांत दोन गोष्टींनी त्यांना घेरले. एक म्हणजे सतलजवरचे भाक्रा धरण. त्याचा त्यांनी ध्यास घेतला होता. दुसरी म्हणजे फाळणीची हाक. १९४४ साली जीनांनी पंजाबचे मंत्रिमंडळ मुस्लिम लीगच्या नावाने चालवावे असा आग्रह धरला, तेव्हा मुख्यमंत्री खिजर हयात खान यांनी नकार दिला. छोटूराम त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पीक, कर्ज आणि पाटाचे पाणी यांना धर्म नसतो या हिशेबावर त्यांनी वीस वर्षे पक्ष चालवला होता.

९ जानेवारी १९४५ रोजी लाहोरला ते वारले. अंत्यसंस्कार रोहतकला झाले. वर्षभरात, १९४६ च्या निवडणुकीत, १७५ जागांच्या कायदेमंडळात त्यांच्या पक्षाच्या हाती विसाच्या आसपासच जागा राहिल्या. १९४७ साली पंजाबच दुभंगला. ज्या मुसलमान शेतकऱ्यांच्या जमिनी त्यांच्या कायद्याने सुटल्या होत्या त्यांतले कितीतरी सीमेपलीकडे गेले, आणि तिकडचे हिंदू-शीख शेतकरी सोडवलेली वावरे टाकून इकडे आले.

भाक्रा धरण पुढे २२ ऑक्टोबर १९६३ ला राष्ट्राला अर्पण झाले. सांपल्याला २०१८ साली त्यांचा चौसष्ट फुटी पुतळा उभा राहिला आहे. त्या मुलखात कुणा सभासदाचे जाणे झाले तर बघून यावा, आणि जमल्यास तिथल्या मंडईत धान्याचे माप कसे होते तेही बघावे. आल्यावर आम्हाला कळवा, पुढच्या अंकात छापू.