मुंबापुरीतील देवीदर्शन

शारदीय नवरात्रात आप्तांकडे मुंबईस आलेला पाहुणा गेटवे ऑफ इंडिया व राणीची बाग पाहून परततो, याचे आम्हांस वैषम्य वाटते. ज्या मुंबादेवीवरून या नगरीने नाव घेतले, तिचे भुलेश्वरातील दर्शन प्रथम घ्यावे. ती मूळची येथील कोळी बांधवांची देवता.

मग महालक्ष्मी. अठराव्या शतकात वरळीची खाडी अडविण्यासाठी घातलेला बांध पुनःपुन्हा ढासळे. रामजी शिवजी प्रभू यांना देवीचा दृष्टान्त झाला, समुद्रातून महाकाली, महालक्ष्मी व महासरस्वती यांच्या मूर्ती वर काढल्या आणि मगच बांध टिकला, अशी श्रद्धा आहे. आज मोटारी धावतात तो हाजीअलीजवळचा रस्ता त्याच बांधावरचा, हे मुलांना आवर्जून सांगावे. अष्टमीस रांग फार लांबते. घरच्या वृद्धांना न्यायचे तर पहाटेच निघावे. (एरवी कळसदर्शनावरच समाधान मानावे लागते!)

सायंकाळी वाळकेश्वरी बाणगंगेच्या पायऱ्यांवर बसावे. सागर हाकेच्या अंतरावर असूनही कुंडाचे पाणी गोडे आहे. १९८७ पासून जागतिक वारसा गणल्या गेलेल्या घारापुरीच्या लेण्यांसाठी मात्र स्वतंत्र दिवस राखावा. सोमवारी ती बंद असतात.