कपाटातला रानपिंगळा

म्युझियममध्ये गेले की मुले पेंढा भरलेल्या वाघापाशी हटून उभी राहतात. खरा ठेवा मात्र आतल्या खोल्यांत, कपाटांच्या खणांत असतो. तिथे पोटात कापूस भरलेले पक्षी ओळीने उताणे ठेवलेले असतात आणि प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी असते : कोणी मिळवला, कुठे, केव्हा. या निर्जीव पाखरांचा उपयोग तो काय, असे कुणीही विचारील. त्याचे उत्तर आपल्या खानदेशातच सापडते.

रानपिंगळा हे एक छोटेसे घुबड. ह्यूमसाहेबांनी १८७३ साली त्याला शास्त्रीय नाव दिले. पुढे डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी जणू गडपच झाला! त्यानंतरचा नमुना एकच, कर्नल माइनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहातला. त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते : मांडवी, गुजरात, १९१४.

अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांना १९९० नंतरच्या दशकात या संग्रहाचा संशय आला. त्यांनी हा पिंगळा बारकाईने तपासला, त्याचे क्ष-किरण चित्र काढले. कातडे उसवून नव्याने भरलेले होते. पण जुन्या हाताच्या खुणा काही पुसल्या गेल्या नव्हत्या. तो हात डेव्हिडसनचा! नमुना ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला आणि चिठ्ठी बनावट, असा उलगडा झाला.

म्हणजे मांडवीचा पुरावा संपला. आता शोध घ्यायचा तो अस्सल चिठ्ठ्या सांगतील तिथेच. रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी ते पत्ते धरून रानोमाळ हिंडले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, भर दिवसा झाडावर बसलेला जिवंत रानपिंगळा त्यांना दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! पुढे तो मेळघाटात आढळला, आणि २०१४ मध्ये तर मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसाच्या जंगलातही.

पक्षी कुठे राहतो हेच ठाऊक नसेल, तर त्याचे रान राखायचे कसे? घराचे जुने दस्तऐवज आपण ट्रंकेत जपतो, कारण ते केव्हा लागतील याचा नेम नसतो. कपाटातली ही पाखरे म्हणजे रानाचे दस्तऐवजच. त्यांना कसर लागू न देणे आणि त्यांच्यावर खरे तेच लिहिणे, एवढे माणसाच्या हाती आहे.