आधी मेण, मग कुंकू

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका सुनेबरोबर दवाखान्यात आल्या होत्या. रक्तदाब मोजून झाला, औषधांची चिठ्ठी लिहून झाली, तरी त्या खुर्चीतून उठेनात. शेवटी सूनच म्हणाली, "आई, विचारा ना." तेव्हा त्यांनी पर्समधून एक लिपस्टिक काढून माझ्या टेबलावर ठेवली. नातवाने पहिल्या पगारातून आणलेली, गडद डाळिंबी रंगाची. नातीचे लग्न बारा दिवसांवर आले होते. "लावली की तासाभरात ओठांवर पापुद्रे उभे राहतात आणि रंग भेगांमध्ये जाऊन बसतो. या वयात असले विचारते म्हणून हसू नका, डॉक्टर."

हसण्यासारखे त्यात काहीच नव्हते. फुटलेला ओठ दुखतो, जेवताना तिखट झोंबते, बोलताना ताण बसतो. शिवाय नटण्याची हौस वयाच्या कोणत्या टप्प्यावर सोडावी, हे वैद्यकशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. ज्या घरांत आजीच्या लिपस्टिकची थट्टा होते, तिथे आजी ओठ फुटल्याची तक्रारही करीत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून हा विषय आज थोडा विस्ताराने घेतो.

ओठांची त्वचा अंगावरच्या इतर त्वचेपेक्षा निराळी असते. तिचा वरचा थर फार पातळ असतो, तिच्यात घामाच्या ग्रंथी नसतात आणि त्वचेला तुकतुकीत ठेवणाऱ्या तैलग्रंथीही जवळजवळ नसतात. गालाला किंवा हाताला जे तेल आपोआप मिळते ते ओठांना बाहेरूनच द्यावे लागते. वयोमानानुसार ही त्वचा आणखी पातळ होते, ओठांवर उभ्या सुरकुत्या पडतात आणि ओलावा धरून ठेवण्याची शक्ती घटते. अशा कोरड्या पृष्ठभागावर रंग लावला की तो सारखा बसत नाही. जिथे पापुद्रा सुटलेला असतो तिथे तो साचतो, आणि जे पापुद्रे एरवी कुणाला दिसलेही नसते ते उठून दिसतात.

साठी-सत्तरी ओलांडलेल्या भगिनींना घरातली फणेरपेटी आठवत असेल. आरशासमोर बसून आधी कपाळावर बोटाने मेणाचा बारीक ठिपका द्यायचा, तो गोल सारखा करायचा आणि मग त्यावर कुंकू टेकवायचे. मेण नसेल तर कोरडे कुंकू दुपारपर्यंत नाकावर उतरत असे. मेण जास्त झाले तर उन्हात तेच ओघळत असे. लिपस्टिकचेही नेमके हेच आहे. आधी स्निग्धतेचा पातळ थर, मग रंग. त्या शिक्षिकाबाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे हे तर मला येतंच की!"

तरीही केवळ वरून काही लावून भागणार नव्हते, कारण मुळाशी दुसरेच काही होते. बोलता बोलता त्या दर मिनिटाला जीभ ओठांवरून फिरवीत होत्या. दोन महिन्यांपूर्वी त्यांना लघवीची घाई होते म्हणून एक गोळी सुरू झाली होती. या प्रकारच्या अनेक गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते. तोंड कोरडे म्हणून ओठ कोरडे, ओठ कोरडे म्हणून ते जिभेने ओले करायचे. हा ओलावा क्षणभराचा असतो. लाळ वाळताना ओठाचे स्वतःचे पाणीही घेऊन जाते, आणि लाळेतील पाचक द्रव्ये त्या नाजूक त्वचेला आणखी चरचरवतात. मग जीभ पुन्हा फिरते. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी औषधे, मनाच्या आजारांवरची काही औषधे यांनीही असे होऊ शकते. यावर उपाय म्हणून स्वतःहून गोळी बंद करू नये. ज्यांनी ती लिहून दिली त्यांना सांगावे. या बाईंच्या बाबतीत त्यांच्या मूत्रविकारतज्ज्ञांनी गोळी बदलून दिली.

नाक चोंदलेले असल्यामुळे रात्री तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्यांचे ओठही सकाळी कोरडे असतात. नव्या चवीची, दालचिनीच्या किंवा तीव्र पुदिन्याच्या स्वादाची टूथपेस्ट सुरू केल्यावर ओठ जळजळू लागल्याचेही मी पाहिले आहे. आणि कवळी! कवळी झिजली किंवा सैल झाली की तोंड थोडे अधिक मिटते, ओठांच्या कोपऱ्यांना घड्या पडतात, त्यांत लाळ साचते आणि तिथे बुरशी वाढते. कोपरे लाल होतात, चिरतात. मधुमेह असेल, रक्तात लोह किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल, तर हे अधिक वेळा होते. या चिरांवर लिपस्टिक किंवा लिप बाम यांचा काही उपयोग नाही. तिथे बुरशीवरचे मलम, रक्ताची तपासणी आणि दंतवैद्यांकडे एक फेरी लागते.

आता लिपस्टिकबद्दल. नातवाने आणलेली ती 'मॅट' प्रकारची होती. चमक येऊ नये म्हणून या प्रकारात तेलाचा अंश कमी आणि रंगाची भुकटी अधिक असते. दिवसभर टिकणाऱ्या द्रवरूप लिपस्टिकमध्ये तर उडून जाणारे द्रावक असते. ते उडाले की ओठांवर रंगाचा कोरडा पापुद्राच उरतो. तरुण ओठांना ते चालते. आपल्या वयाला क्रीमसारखी, मेण आणि तेल अधिक असलेली कांडी बरी. ती चहाच्या कपाला लागेल, दोनदा लावावी लागेल, पण भेगा दाखवणार नाही. रंगही फार गडद नसावा, कारण गडद रंगात प्रत्येक सुरकुती मोजता येते. (हे मी बाईंना सांगितले नाही. नातवाने आणलेला रंग होता.)

विकत घेताना वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक आणि वापरण्याची अंतिम तारीख आहे ना, हे पाहावे. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार ही माहिती छापणे आवश्यक आहे. कपाटात वर्षानुवर्षे जपलेली, खवट वास येणारी कांडी प्रेमाने टाकून द्यावी. लग्नात सजवणाऱ्या बाई एकच कांडी दहा जणींच्या ओठांवर फिरवतात. तापाच्या पुळ्या एकीकडून दुसरीकडे जाण्याचा तो सोपा मार्ग आहे. आपली लिपस्टिक बरोबर न्यावी.

समारंभाच्या आधी आठ-दहा दिवस ओठांना विश्रांती द्यावी. फुटलेल्या, रक्त येणाऱ्या ओठांवर रंग लावूच नये. दिवसातून चार-पाच वेळा आणि झोपताना थोडा जाड थर, असे बिनवासाची साधी पेट्रोलियम जेली लावावी. या पदार्थाचे अमेरिकेतले पेटंट १८७२ सालचे आहे. इतक्या वर्षांत याहून महाग पुष्कळ निघाले, याहून फार सरस असे मला तरी दिसलेले नाही. कोकणातल्या घरांत कोकमाच्या बियांचे मुठेल असते, तेही चांगले. घरचे साजूक तूपही चालते. दुधाची साय मात्र लावून तशीच ठेवू नये, ती आंबते. मेन्थॉल किंवा कापूर घातलेले, लावताच थंडगार वाटणारे बाम टाळावेत. ती झिणझिण म्हणजे त्वचा चिडल्याची खूण असते. बेंबीत तेल घातले की ओठ फुटत नाहीत, असे माझी आजीही सांगत असे. बेंबीपासून ओठापर्यंत कोणतीही वाट नाही. पण तेल घातल्यावर बोटाला उरलेले ती ओठांवरून फिरवायची, आणि गुण त्याचा असावा.

पापुद्रे ओढून काढू नयेत. विशेषतः रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर एक लहानसा पापुद्राही बराच वेळ रक्त काढतो. साखर-मध चोळणे, टूथब्रशने घासणे हे प्रकार पातळ झालेल्या त्वचेसाठी नव्हेत. आंघोळीनंतर ओठ मऊ झालेले असतात. तेव्हा धुवट मलमलीचा ओला तुकडा हलकेच टेकवावा. जे सुटायचे ते सुटेल, बाकीचे राहू द्यावे.

प्रत्यक्ष लिपस्टिक लावण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी जेलीचा किंवा साध्या बामचा पातळ थर द्यावा. मग कागदी रुमाल ओठांत हलकेच दाबून जास्तीचे टिपून घ्यावे; हे विसरले तर रंग घसरतो, मेण जास्त झालेल्या कुंकवासारखा. त्यानंतर रंगाचा एक पातळ हात, पुन्हा टिपणे, हवा तर दुसरा हात. रंग सुरकुत्यांतून बाहेर पाझरत असेल तर त्याच छटेच्या पेन्सिलीने आधी कड आखून घ्यावी. घरी आल्यावर कितीही दमणूक झाली तरी रंग उतरवूनच झोपावे. कापसाच्या बोळ्यावर खोबरेल घेऊन तो अर्धा मिनिट ओठांवर धरावा, मग कोपऱ्यांकडून मध्याकडे पुसावे. घासू नये.

एखाद्या विशिष्ट लिपस्टिकनेच ओठ खाजत, सुजत, लाल होत असतील तर ती कोरडेपणाची नव्हे, अ‍ॅलर्जीची शक्यता. सुगंध, लॅनोलिन, इतकेच काय, लिपस्टिकमध्ये सर्रास असणारे एरंडेलही काहींना सोसत नाही. लिप बामनेही असे होऊ शकते. अशा वेळी ओठांवरचे सर्व काही दोन आठवडे बंद करून फक्त साधी पेट्रोलियम जेली ठेवावी, आणि फरक न पडल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. स्मृतिभ्रंश झालेले रुग्ण तहान लागली हे सांगत नाहीत. त्यांचे सुकलेले ओठ आणि जीभ पाहून शरीरातले पाणी कमी झाले असावे, अशी शंका घ्यावी. मात्र हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असेल, तर ओठ सुकले म्हणून आपल्या मनाने ते वाढवू नये. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. घरी ऑक्सिजन चालू असलेल्या व्यक्तीच्या ओठांना किंवा नाकाला पेट्रोलियम जेली, तूप, तेल लावू नये. ऑक्सिजनच्या सान्निध्यात स्निग्ध पदार्थ सहज पेट घेऊ शकतात. तिथे पाण्यावर आधारित मलम वापरावे. औषधांच्या दुकानात तसे स्पष्ट सांगून मागावे. अशा आजींनाही कधी लिपस्टिक लावावीशी वाटली तर प्रश्न स्निग्धतेचाच येतो, म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे. भेटायला येणाऱ्यांसमोर नीटनेटके दिसावे, ही इच्छा आजारपणात कमी होत नाही.

आता जे सांगायला मी थोडा कचरतो आहे, ते सांगतो. पासष्टीच्या एक बाई माझ्याकडे बरीच वर्षे येतात. पोस्टाच्या अल्पबचतीच्या एजंट. तीस वर्षे भर दुपारी घरोघरी फिरून त्यांनी हप्ते गोळा केले. बाहेर पडताना लिपस्टिक लावायची, हा त्यांचा शिरस्ता. खालच्या ओठाची एक बाजू सारखी सोलवटते, रंग तिथे धरत नाही, असे त्यांनी मला दोनदा सांगितले. मी दोन्ही वेळा टेबलापलीकडूनच पाहिले आणि मलम लिहून दिले. तिसऱ्या खेपेला त्या चहा पिऊन, तोंड पुसून आल्या होत्या. खालच्या ओठावर करड्या-पांढऱ्या रंगाचा खरखरीत चट्टा होता आणि ओठ कुठे संपतो व त्वचा कुठे सुरू होते, ती रेघ त्या जागी पुसट झाली होती. तुकडा काढून तपासला तेव्हा तो कर्करोग नव्हता, पण वर्षानुवर्षांच्या उन्हाने झालेला, त्या वाटेवरचा बदल होता. वेळेत उपचार झाले. पहिल्या भेटीत रंग पुसायला मी सांगितले असते तर चार महिने वाचले असते.

ओठावरची एखादीच जागा पुन्हा पुन्हा सोलवटत असेल, तिथे खपली, गाठ, पांढरा किंवा लाल चट्टा, न दुखणारी जखम असेल आणि तीन आठवड्यांत ती बरी होत नसेल, तर लिप बाम बदलत बसू नये. तंबाखू, मिश्री, बिडीची सवय असेल तर तीन आठवडेही थांबू नये. उन्हात वावरणाऱ्यांनी ओठांना एसपीएफ ३० असलेला बाम लावावा. खालचा ओठ ऊन सरळ अंगावर घेतो. दवाखान्यात येताना मात्र ओठांना काहीही लावू नये. ओठांचा फिकेपणा आणि निळसरपणा आम्हाला पाहायचा असतो.

शिक्षिकाबाईंचे लग्नातले फोटो सुनेने फोनवर दाखवले. डाळिंबी रंग छान बसला होता. पोस्टाच्या एजंटबाई दर सहा महिन्यांनी दाखवायला येतात, कोऱ्या ओठांनी. ओठ मी आता जवळ जाऊन, भिंग धरून पाहतो. पाहून झाले की त्या बाहेरच्या बाकावर बसतात, पर्समधून जेलीची डबी, कागदी रुमाल आणि हातातला आरसा काढतात, आणि पुढच्या रुग्णाला आत जायची घाई असली तरी सगळे नीट, क्रमाने लावून मगच उठतात.