कैदी पालक आणि मुले : सहाव्या वर्षानंतर भेटीचे काय?

बेंगळुरू : शिक्षा आई किंवा वडिलांना होते, मात्र तिची झळ मुलांनाही बसते. बेंगळुरूच्या परप्पन अग्रहार मध्यवर्ती कारागृहासह देशभरातील तुरुंगांना या मुलांबाबत लागू असलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ रोजी आर. डी. उपाध्याय खटल्यात घालून दिली.

त्यानुसार महिला कैद्याला आपले मूल सहा वर्षांचे होईपर्यंत सोबत ठेवता येते. अशा मुलाला कैदी मानता येत नाही. अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार, शिक्षण आणि खेळ हे त्याचे हक्क आहेत. मूल तुरुंगात जन्मले, तरी जन्मनोंदीत तुरुंगाचा उल्लेख करता येत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार, २०२२ अखेर देशात १,५३७ महिला कैद्यांसोबत १,७६४ मुले होती. यांपैकी १,३१२ माता कच्च्या कैदी होत्या. म्हणजेच त्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नव्हता.

खरा प्रश्न सहाव्या वर्षानंतर उभा राहतो. आईच्या इच्छेनुसार मूल योग्य व्यक्तीकडे सोपवले जाते किंवा समाजकल्याण विभागाच्या संस्थेत पाठवले जाते. संस्था शक्यतो त्याच शहरातील असावी आणि मुलाला आठवड्यातून किमान एकदा आईच्या भेटीस आणावे, असे न्यायालयाने बजावले आहे. आजीकडे किंवा मामाकडे राहणाऱ्या मुलाला मात्र भेटीस नेण्याची अशी जबाबदारी कोणावरही सोपवलेली नाही. खटला बेंगळुरूत आणि घर बेळगावात असेल, तर एका भेटीसाठी सुमारे ५०० किलोमीटरचा प्रवास करावा लागतो.

वडील तुरुंगात असतील, तर परिस्थिती आणखी अवघड होते. देशातील कैद्यांत सुमारे ९६ टक्के पुरुष आहेत. पण त्यांच्या घरी राहिलेल्या मुलांची मोजदाद या अहवालात होत नाही.

‘ई-मुलाकात’ या दृक्‌श्राव्य सुविधेमुळे अंतराची अडचण काहीशी कमी होते. महाराष्ट्रातील कारागृहांत राबवलेल्या ‘गळाभेट’ उपक्रमात कैद्यांना आपल्या मुलांना जवळ घेता आले. कैद्याला शक्यतो घराजवळच्या तुरुंगात ठेवावे, असे संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे ‘नेल्सन मंडेला नियम’ही सांगतात.

उपक्रम मात्र अधिकाऱ्यांच्या इच्छेवर चालतात. संस्थेतील मुलाला मिळालेली साप्ताहिक भेटीची हमी घरी राहणाऱ्या मुलालाही मिळाली, तरच पालकांच्या शिक्षेचा भार त्याच्यावर पडणार नाही.