चोथा : टाकाऊ नव्हे, पण टिकाऊही नव्हे

कोकणपट्टीत आणि गोव्यात नारळाच्या रसावाचून स्वयंपाक पुरा होत नाही. सोलकढी, माशांचे कालवण, शिरवाळ्यांबरोबरचा गूळ घातलेला रस, यांपैकी काहीही करायचे झाले तरी खोवलेले खोबरे वाटून फडक्यातून पिळले जाते आणि पांढराशुभ्र दाट रस भांड्यात उतरतो. फडक्यात मागे राहतो तो चोथा. बहुतेक घरांत तो त्याच क्षणी केराच्या टोपलीत पडतो. अलीकडे शहरांतील घरांतून गाजर-बिटाचे रस, बदामाचे आणि सोयाबीनचे दूध करण्याची प्रथा वाढल्याने या चोथ्यात आणखी भर पडली आहे.

वरकरणी हा प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु ज्या नारळासाठी आपण पूर्ण किंमत मोजतो, त्याचा मोठा भाग असा रोज फेकला जातो. दुसरीही एक गोष्ट आहे. चोथा हे अन्न असले, तरी स्वयंपाकघरातील अत्यंत लवकर बिघडणाऱ्या पदार्थांत त्याची गणना करावी लागेल. त्याचा उपयोग करू इच्छिणाऱ्या प्रत्येक गृहिणीने या दोन्ही बाबी एकदमच ध्यानात घ्यायला हव्यात.

चोथ्यात काय उरते?

फळ, भाजी किंवा दाणा वाटून पिळला की पाण्यात विरघळणारे घटक रसाबरोबर निघून जातात. साखर, काही क्षार आणि काही जीवनसत्त्वे यांचा त्यांत समावेश होतो. तंतुमय भाग मात्र जवळजवळ सगळा मागेच राहतो. कोठा साफ राहणे, पोट भरल्याचे समाधान मिळणे आणि जेवणातील साखर रक्तात सावकाश उतरणे, या तिन्ही गोष्टींना हाच भाग उपकारक असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूत्रांत रसापेक्षा अख्खे फळ खाण्यावर भर दिला आहे, त्याचे कारण येथेच सापडते.

नारळाच्या बाबतीत आणखी एक लाभ आहे. हाताने कितीही पिळले तरी खोबऱ्यातील सगळी स्निग्धता निघत नाही. त्यामुळे चोथ्याला स्वतःची थोडी चव आणि तेलकटपणा असतो. गाजराचा केशरी रंग ज्या कॅरोटीनमुळे येतो, ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून त्याचा बराच अंश पिळलेल्या गाजरातच राहतो. शरीरात या कॅरोटीनपासून ‘अ’ जीवनसत्त्व तयार होते. हा चोथा थोड्या तेलातुपात परतून खाल्ला तर ते अंगी अधिक लागते.

जुन्या घरांतील काटकसर

उरलेल्या भागाचा उपयोग करण्याची दृष्टी आपल्याकडे नवी नाही. कोकमाच्या सालींची आमसुले आणि गराचे सरबत झाल्यावर बिया उरतात. कोकणातील बायका त्या वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर तरंगणारे तेल काढीत आणि थंड झाल्यावर त्याचे गोळे वळून ठेवीत. हेच मुठेल. पायांच्या भेगांवर ते आजही लावले जाते. आमरस काढल्यावर कोयी आणि साली पाण्यात कोळून केलेले आंब्याचे सार, हाही त्याच वृत्तीचा भाग होय. साखर कारखान्यांतही रस काढल्यावर उरणारे उसाचे चिपाड बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज निर्माण केली जाते. कारखान्याला जे परवडते, ते घराला न परवडण्याचे कारण नाही.

नारळाचा चोथा

प्रथम हा चोथा खरोखर रिकामा झाला आहे काय, हे पाहावे. एकदा पिळलेल्या खोबऱ्यावर कोमट पाणी घालून ते पुन्हा वाटल्यास दुसरा रस निघतो. तो पातळ असला तरी आमटीत किंवा भात शिजवताना पाण्याऐवजी घालता येतो. त्यानंतर उरलेल्या चोथ्याचे पुढीलप्रमाणे उपयोग करता येतील.

सुकी चटणी : जाड बुडाच्या कढईत चोथा मंद आचेवर बदामी रंगावर भाजावा. त्यात भाजलेले तीळ, लसूण, सुक्या मिरच्या, मीठ आणि आमसूल किंवा चिंच घालून कुटावे. भाजल्यामुळे चोथ्यातील ओल जाते आणि खमंगपणा येतो. सर्व उपयोगांत हा सोपा आणि खात्रीचा.

भाजीत : तोंडली, लाल माठ, फणस अशा सुक्या भाज्यांवर ताज्या खोबऱ्याच्या जोडीला निम्मा चोथा घालता येतो. केवळ चोथाच घातल्यास भाजी कोरडी आणि बेचव लागते.

वड्या : येथेही अर्धे ताजे खोबरे आणि अर्धा चोथा हेच प्रमाण ठेवावे. गमावलेली स्निग्धता भरून काढण्यासाठी थोडे दूध आणि तूप घालावे.

पीठ : चोथा ताटात पातळ पसरून कडक उन्हात दिवसभर वाळवावा आणि शेवटी कढईत थोडा गरम करून दळावा. पावसाळ्यात उन्हाची वाट न पाहता तो सरळ मंद आचेवर कोरडा करावा. हे पीठ पाणी फार शोषते आणि त्यात गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून चार वाट्या कणकेला किंवा भाजणीला अर्ध्या वाटीपेक्षा अधिक घालू नये, नाहीतर पोळी आणि थालीपीठ दोन्ही तुटतात. त्यातील तेल खवट होत असल्याने थोडेच पीठ करून हवाबंद डब्यात ठेवावे आणि लवकर संपवावे.

गाजर, बदाम आणि सोयाबीन

गाजर-बिटाचा चोथा थालीपिठात, पराठ्यात किंवा डाळीच्या पिठाबरोबर वड्यांत सहज सामावतो. बदामाचा चोथा खिरीत, शिऱ्यात किंवा लाडवांच्या भाजलेल्या रव्यात मिसळावा. शेंगदाण्याच्या दुधाचा चोथा भाजून चटणीत चालतो. मात्र बुरशी आलेल्या शेंगदाण्यांचे दूधही करू नये आणि चोथाही वापरू नये, कारण त्या बुरशीचे विष भाजल्याने पुरते जात नाही.

सोयाबीनच्या दुधाचा चोथा प्रथिनांच्या दृष्टीने मोलाचा आहे. जपानमध्ये त्याला ‘ओकारा’ म्हणतात आणि भाज्यांबरोबर शिजवून तो रोजच्या जेवणात घेतात. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन मुबलक पिकत असल्याने आपल्याकडेही त्याला वाव आहे. परंतु कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात आणि ते नीट शिजवल्यानेच निष्प्रभ होतात. म्हणून हा चोथा कधीही कच्चा खाऊ नये.

दक्षता हवीच

ओला, बारीक वाटलेला आणि पोषक अशा चोथ्यावर जिवाणू झपाट्याने वाढतात. उन्हाळ्यात तो तास-दोन तासांत वापरावा, भाजावा किंवा शीतकपाटात ठेवावा. तेथेही तो दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावा. आंबूस वास आलेला, बुळबुळीत झालेला किंवा रंग बदललेला चोथा भाजून ‘सुधारण्याचा’ प्रयत्न करू नये.

हा इशारा पोकळ नाही. इंडोनेशियातील जावा बेटावर नारळाच्या चोथ्याला बुरशीचे विरजण लावून ‘टेम्पे बोंगक्रेक’ नावाचा पदार्थ केला जात असे. आंबवताना त्यात एका विशिष्ट जिवाणूचा शिरकाव झाला की बोंगक्रेक आम्ल हे जहाल विष तयार होई. त्याला रंग नाही, वास नाही आणि शिजवल्याने ते नष्टही होत नाही. त्यापायी अनेकांचे प्राण गेले आणि अखेर १९८८ मध्ये या पदार्थावर तेथे बंदी आली. आपल्याकडे हा पदार्थ होत नाही. तरीही बोध घेण्याजोगा आहे. आंबोळी किंवा इडलीच्या पिठात नारळाचा चोथा घालून ते रात्रभर आंबवू नये. घालायचाच असेल तर ताजा चोथा ऐन वेळी घालावा.

दुधी भोपळ्याचा रस कडू लागला तर रस आणि चोथा दोन्ही टाकून द्यावीत. कडू दुधीचा रस पिऊ नये, असा इशारा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात दिला आहे.

उरेल ते मातीला

इतके करूनही काही चोथा उरेलच. ताजा असेल तर थोड्या प्रमाणात तो जनावरांच्या आंबोणात मिसळता येतो. बाकीचा खतखड्ड्यात जावा. त्याचा जाड थर दिल्यास हवा कोंडून दुर्गंधी सुटते, म्हणून पातळ पसरून वर वाळका पालापाचोळा किंवा माती टाकावी. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक झाले. ओला कचरा कचरा-डेपोवर साचून हवेवाचून कुजला की त्यातून मिथेन वायू निघतो. तोच कचरा परसात किंवा कुंडीत कुजला तर त्याचे खत होते.

महिला बचत गटांनाही यात संधी आहे. सोलकढी किंवा नारळाचा रस मोठ्या प्रमाणावर करणाऱ्या गटांनी चोथ्याची चटणी करून विकल्यास त्याच नारळातून दुसरे उत्पन्न निघेल. विक्रीसाठी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये आवश्यक ती नोंदणी मात्र करून घ्यावी. घर असो वा गट, रस काढायला बसण्यापूर्वीच चोथ्यासाठी कढई चुलीवर ठेवलेली असावी. पिळून झाल्यावर विचार करू, असे म्हणण्याइतका वेळ चोथा देत नाही.