चित्रातला सण आपल्या घरातला वाटावा

लहान मुलाला सण आधी डोळ्यांनी आणि जिभेने कळतो. त्यामागची कथा पुष्कळ नंतर. पाडवा म्हटले की त्याला गुढीवरचा तांब्या आणि साखरेची गाठी आठवते. शिवाय तो सण गल्लीभर दिसत असतो. पण ज्या घरचा सण गल्लीत दुसरे कोणीच करत नाही, त्या घरच्या मुलाचे काय?

बालवाडीत शिकवताना हा प्रश्न मला पडला तो एका बेने इस्राएल मुलीमुळे. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला आपल्या पूर्वजांचे जहाज फुटले, असे ते परंपरेने सांगतात. तेलाचा घाणा चालवणारे, पण शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक इस्राएलला गेले. मुंबई-ठाणे, पुणे, रायगडात थोडी कुटुंबे उरली. आमच्या नगरसारख्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरसारख्या गावात त्या मुलीला शेजारी सण दिसणार कुठून? शेजाऱ्याचे हे काम चित्रांचे पुस्तक करू शकते.

ज्यू सणांची बालपुस्तके जगात खूप आहेत. अमेरिकेत २००५ साली सुरू झालेली 'पीजे लायब्ररी' अशी पुस्तके मुलांच्या घरी मोफत पाठवते. मात्र अशा कित्येक पुस्तकांत बाहेर बर्फ पडत असतो, आजीच्या अंगात कोट असतो. आपल्याकडच्या मुलाला वाटते, हा सण दुसऱ्याच कोणाचा.

यावरचा उपाय पुण्यात १८७४ सालीच झाला होता. पेसाह, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटकेचा सण. त्या रात्री जेवणाच्या वेळी 'हगादा' वाचतात. आजचे जेवण रोजच्यापेक्षा वेगळे का, हे घरातल्या धाकट्याने विचारायचे आणि मोठ्यांनी सांगायचे, अशी रीत. पुण्यात छापलेला हगादा हिब्रू आणि मराठीत होता. त्यात चित्रेही होती, आणि बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका त्यात लुगडे नेसलेल्या होत्या! ते चित्र पाहणाऱ्या पोराला ही आपलीच आई, हे सांगावे लागले नसेल.

या समाजाने सणांना नावेही घरगुतीच दिली. वर्षारंभाचा 'नव्याचा सण', त्यानंतर नव्या भाताच्या खिरीचा 'खिरीचा सण'. पुरीमला त्यांच्याकडे पुरणपोळी होते. मुलाला दाखवायला याहून सोपे काय हवे?

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मी काही गोष्टी पाळते. सणाच्या आठ-दहा दिवस आधी पुस्तक काढावे. एका बैठकीत एकच रीत सांगावी. चित्रातली वस्तू हातात द्यावी: खजूर, पणती, भाकरी. हनुकाला आठ दिवस रोज एक दिवा वाढवतात आणि नववा दिवा बाकीचे लावायला असतो. मुले मोजत मोजत तो सण शिकतात. हिब्रू पुस्तक आपल्या मागच्या बाजूने उघडते, याची त्यांना भारी गंमत वाटते. पेसाहच्या कथेतली संकटे आणि मरणे मात्र या वयात थोडक्यात उरकावीत. सुटका झाली, हे ठळक सांगावे.

पुस्तक मिळत नसेल तर घरीच करावे. जाड पुठ्ठ्याची आठ पाने, आजीचा खीर ढवळतानाचा फोटो, मुलाने काढलेले दिवे आणि प्रत्येक पानावर मराठीत एकच वाक्य. आजी-आजोबांना आठवते आहे तोवर हे करून घ्यावे. पुढे विचारायला कोणी नसते.

असे पुस्तक त्या एका घरापुरते ठेवू नये. वर्गात इतर मुलांनीही ते पाहिले की त्या मुलीच्या सणाला खीर असते, हे सगळ्यांना ठाऊक होते. मग पुढच्या वर्षी कोणीतरी आपण होऊन विचारते, "तुझा नव्याचा सण कधी गं?" एवढे विचारणारे कोणी असले, की सण एकट्याचा राहत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)