लॅपटॉप विसरतो कसा? न टिकणारी बूट ऑर्डर

मित्रहो, जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं, पण माझी परीक्षा घेतली ती एका जुन्या लॅपटॉपनं. त्यावर पेन ड्राइव्हवरून लिनक्स बसवायचं होतं. म्हणजे सुरू होताना यंत्रानं आधी पेन ड्राइव्ह बघावा, मग हार्ड डिस्क. या क्रमाला बूट ऑर्डर म्हणतात. मी क्रम बदलायचो, एफ१० दाबून सेव्ह करायचो, आणि दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न! दुकानदार म्हणाला, "सर, मदरबोर्ड गेलाय." पेन्शनरच्या पोटात गोळाच आला.

आता बघा, 'सेटिंग टिकत नाही' ही तक्रार एक, पण शक्यता तीन. नोंद झालीच नाही. झाली, पण पुसली गेली. किंवा दुसऱ्या कुणीतरी ती बदलली. आपले नैयायिक अन्वय-व्यतिरेक सांगतात: कारण असेल तिथं कार्य, कारण नसेल तिथं कार्यही नाही. तेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. बिटलॉकर चालू असेल तर मात्र आधी रिकव्हरी की लिहून ठेवा.

पहिली पायरी. क्रम बदला, सेव्ह करा आणि विंडोज सुरू होऊ न देता लगेच पुन्हा सेटअपमध्ये शिरा. क्रम जुनाच दिसला, तर नोंदच झालेली नाही. सेव्ह न करता बाहेर पडलात का? सेटअपला पासवर्डचं कुलूप आहे का? दोन्ही नसेल तर डिफॉल्ट सेटिंग लोड करून पुन्हा करून बघा.

दुसरी पायरी. क्रम टिकला, तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, निघत असेल तर बॅटरीही काढा आणि रात्रभर ठेवा. सकाळी सेटअपमधलंच घड्याळ बघा. विंडोजमधलं नको, ते इंटरनेटवरून स्वतःला दुरुस्त करून घेतं. तारीख मागे गेली असेल, तर आतली नाण्याएवढी बॅटरी संपलेली असणार. जुन्या बायोसच्या यंत्रांत सेटिंग तिच्याच जिवावर टिकतं. नव्या यूईएफआय यंत्रांत ते सहसा फ्लॅश मेमरीत असतं, तिला बॅटरी लागत नाही.

तिसरी पायरी. घड्याळ बरोबर आहे, पण विंडोज एकदा सुरू झालं की क्रम बदलतो? मग विंडोजचा बूट मॅनेजर स्वतःला पुन्हा पुढे लावतोय. शिवाय पेन ड्राइव्ह काढला की काही यंत्रं त्याची नोंदही गाळतात. इथं हट्ट सोडावा. सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप, कंपनीनुसार जे असेल ते दाबून त्या वेळेपुरता पेन ड्राइव्ह निवडावा.

माझ्या सेटअपमधली तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती. ३ व्होल्टची एक सीआर२०३२ बॅटरी बदलली, मदरबोर्ड अजून तोच आहे. दुकानदार लबाड नव्हता हो. त्यानं घड्याळ बघितलं नव्हतं, इतकंच.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.